एदिल्माने सायकल सोडली, असं ती म्हणते

गुआतिवा गावात सायकलच्या शर्यतीच्या आधी कोणी खरं बोलत नाही. यात खोटेपणा कोणाला वाटत नाही, ती रीत आहे. "काय, पाय कसे आहेत?" असं कोणी विचारलं की "कसले पाय, रात्रभर पोटऱ्या दुखत होत्या" असंच म्हणायचं. सर्दी नसली तरी रुमाल काढायचा. घाटाच्या पायथ्याशी सगळ्या घोळक्याला ऐकू जाईल असं कण्हायचं आणि शेजारचा जरा निर्धास्त झाला की पॅडलवर उभं राहून निघून जायचं. "यंदा मी जोरात आहे" असं जो म्हणतो त्याच्याकडे लोक कीव केल्यासारखं बघतात. बिचाऱ्याचं संपलं, असं समजतात. आयाही मागे नाहीत. शेजारच्या मोंकेता गावच्या बाईने बाजारात सहज चौकशी केली, तर मुलाला ताप आहे असं सांगणं हे आईचं कर्तव्य मानलं जातं. कोलंबियातल्या बोयाकाच्या या थंड डोंगरांत बटाटा, दूध आणि सायकलपटू अशी तीनच पिकं येतात, आणि तिन्हींबद्दल विचारलं तर उत्तर एकच असतं: यंदा काही खरं नाही.

एदिल्मा तिबादुइसा या रीतीत नुसती वाढली नाही, तिने ती पुढे नेली. बुटकी, काटक, गालांवर थंडीने उमटलेले लाल चट्टे. शाळा डोंगरावर आणि घर खाली, त्यामुळे बापाच्या जुन्या सायकलवरून रोज चढण चढायची. बारा वर्षांची असताना तिने मोटारसायकलवरच्या पोस्टमनला वळणावर गाठलं, आणि टायर-पंक्चरचं दुकान आणि गावच्या मुलींचा सायकलसंघ चालवणाऱ्या प्रोफे, म्हणजे गुरुजी, एलिसेओंनी ते पाहिलं. तेव्हापासून ती त्या संघात होती. सोळाव्या वर्षी आसपासच्या सात-आठ गावांत चढणीवर तिला मागे टाकणारी मुलगी उरली नव्हती.

सोंग करण्यातही नव्हती. मागच्या ऑगस्टच्या शर्यतीत क्रुसांच्या घाटाच्या पायथ्याशी तिने पोट धरलं, आणि डोळ्यांत पाणीही आणलं, कारण ते तिला हवं तेव्हा आणता येत असे. मोंकेताची युरानी नावाची उंच, मनाने मोकळी मुलगी शेजारून चालली होती. तिला राहवलं नाही. तिने आपली गुळाच्या पाण्याची बाटली एदिल्माला दिली. एदिल्माने ती संपवली, रिकामी बाटली परत केली, "देव तुझं भलं करो" म्हणाली आणि गेली. माथ्यावर ती इतकी पुढे होती की मागची मुलगी दिसत नव्हती. मोंकेतात तेव्हापासून लहान मुलांना शिकवतात की रस्त्यात कोणाला पाणी द्यायचं नाही.

तर अशा या मुलीने अकरावीत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षी, सायकल सोडायचं ठरवलं.

कारण सोपं होतं. तिला सायकलचा कंटाळा आला नव्हता, तिला झोप येत होती. पहाटे चाळीस किलोमीटर, मग शाळा, संध्याकाळी प्रोफेंच्या दुकानात रोलरवर जागच्या जागी पॅडल. डोळे उघडे ठेवून झोपण्याची कला तिने भौतिकशास्त्राच्या तासाला इतकी साधली की बाईंनी एकदा सगळ्या वर्गासमोर तिच्या एकाग्रतेचं कौतुक केलं. जूनमधल्या सराव परीक्षेत मात्र तिला विल्मरपेक्षा कमी गुण पडले. विल्मर म्हणजे तो मुलगा, जो नकाशावर कोलंबिया शोधताना दोनदा आफ्रिकेत मुक्काम करून आला होता. तिला गायींची डॉक्टर व्हायचं होतं. तुन्हा शहरातल्या सरकारी विद्यापीठात त्या शिक्षणाला जागा थोड्या आणि दूध-बटाटेवाल्यांच्या मुलांची गर्दी मोठी. अकरावीची सरकारी परीक्षा चांगली गेली तरच नंबर लागणार. ती परीक्षा ऑगस्टमधल्या ज्या रविवारी होती, त्याच रविवारी मोंकेता ते गुआतिवा ही शर्यत होती. तारखा ठरवणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नसावी.

घरच्यांना सांगण्याआधी ती प्रोफेंकडे गेली. तिला त्यांची परवानगी नको होती. पण गियर कधी बदलायचा, श्वास कुठे सोडायचा, नाक कोणत्या बाहीला पुसायचं, हे सगळं तिला या माणसाने शिकवलं होतं. त्यांनी एकदा तिचं ऐकून घ्यावं आणि "बरं" म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती. ही अपेक्षा केवढी मोठी आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

प्रोफे एलिसेओ स्वतः तरुणपणी मोठमोठ्या संघांत होते, म्हणजे मोठ्या लोकांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहत होते. एकदा टीव्हीवर त्यांची पाठ दिसली होती, आणि ती पाठ पाहिलेली माणसं गावात अजून होती. एदिल्मा आली तेव्हा ते ट्रकची ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होते.

"प्रोफे, मी सायकल सोडतेय."

प्रोफेंनी ट्यूब खाली ठेवली. दारातून रस्ता दोन्ही बाजूंना पाहिला आणि शटर अर्धं ओढलं.

"परत म्हण."

"मी सायकल सोडतेय. अभ्यास करायचाय. शर्यतीच्या दिवशी माझी परीक्षा आहे."

"परीक्षा!" प्रोफेंनी मांडीवर ओली थाप मारली. "हे मला सात जन्मांत सुचलं नसतं. पोटदुखी जुनी झाली, ताप जुना झाला. परीक्षा! आणि दिवससुद्धा तोच?"

"दिवस सरकारने ठरवलाय."

"सरकारने! म्हणजे मोंकेतावाल्यांनी चौकशी केली तरी सापडायचं नाही. आणखी कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. आधी तुम्हालाच सांगायला आले."

"शहाणी पोर. आता एक लक्षात ठेव, यंदा रडायचं नाही. गेल्या वर्षीचं ते विसरलेले नाहीत. हे असंच, थंड तोंडाने सांगायचं."

"प्रोफे, मी खरंच सांगतेय."

"अगदी असंच!" प्रोफे म्हणाले आणि शटर वर करून त्यांनी पुन्हा ट्यूब टबात घातली. बाहेर जाताना तिला त्यांची शीळ ऐकू आली.

घरी मिसाएल, म्हणजे तिचा बाप, बटाट्याचं सूप पीत होता. त्याने बातमी ऐकली, चमचा थांबवला आणि विचारलं, "प्रोफेला माहीत आहे?"

"त्यांनाच आधी सांगितलं."

"मग झालं तर." मिसाएलने डोळा मिचकावला. त्याला एक डोळा मिचकावता येत नसे, त्यामुळे त्याने दोन्ही मिटले.

आई एतेल्विना सगळ्यांना 'सुमेर्से' म्हणून अदबीने बोलायची: नवऱ्याला, लेकीला आणि धार काढताना गायीला. तिने भांडी बाजूला ठेवली. "सुमेर्से, आईशी तरी खरं बोला."

"आई, हेच खरं आहे. मला गायींची डॉक्टर व्हायचंय."

"बरं. मग बाजारात कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

"हेच सांग."

"हेच सांगते. जरा उदास तोंड करून सांगू, की नको?"

एदिल्मा कपाळावर हात मारून खोलीत गेली. मागून आई बापाला म्हणाली, "पाहिलंत? घरातसुद्धा सोंग सोडत नाही. आमच्या माहेरची जिद्द आहे ती."

शनिवारी मिसाएल तेहो खेळायला गेला. मातीच्या पाटावर लोखंडी चकती फेकून बारूद उडवायची आणि मध्ये बिअर प्यायची, असा हा खेळ; त्याच्या आवाजात कुठलंही गुपित बोलायला हरकत नसते, कारण ते ओरडूनच सांगावं लागतं. मिसाएलने मित्राच्या कानात ओरडून सांगितलं की पोरगी सायकल 'सोडतेय'. दोन स्फोटांच्या मध्ये नेमकी शांतता पडली होती. रविवारी पाद्रींनी प्रार्थनेच्या शेवटी "अभ्यासासाठी त्याग करणाऱ्या आपल्या एका भगिनीसाठी" देवाकडे बळ मागितलं आणि पुस्तकामागे तोंड लपवून खोकले. सगळं चर्च खोकलं.

आता एदिल्माने पुरावे द्यायला सुरुवात केली. ती बेकरीत गेली आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, चीज घातलेले मोठे गोल पाव एकामागोमाग एक खाल्ले. सहाव्या पावाला तिला दम लागला. लोक समाधानाने बघत होते. बेकरीवाल्याने सातवा फुकट दिला आणि हळूच म्हणाला, "चढणीला कामाला येईल."

तिने संघाचा लाल सदरा धुऊन, घडी करून प्रोफेंच्या दुकानात नेऊन दिला. प्रोफेंनी तो दुकानासमोरच्या तारेवर हमरस्त्यावरून दिसेल असा टांगला. "वा," ते म्हणाले, "येणारा-जाणारा बघेल. पण नंतर आत काढून ठेवतो, उन्हाने रंग उडतो आणि तुला त्या दिवशी घालायचाय."

मग तिने संघाची सायकलच लुसदारीला देऊन टाकली. लुसदारी ही संघातली जाडजूड, शांत मुलगी, घाटात मागून पहिली. उतारावर तिला भीती वाटायची, म्हणून सपाटीवर ती नेहमी सगळ्यांच्या आधी पुढे निघून जायची. घाटात सगळ्याजणी तिला ओलांडून जायच्या आणि जाताना नमस्कार करायच्या. इतकी हलकी सायकल हातात आल्यावर लुसदारी घाबरली.

"मग तू कशावर चालवणार?"

"मी चालवणार नाही. मी परीक्षा देणार."

"बरं," लुसदारी म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "नवी कोणत्या रंगाची घेतलीस?"

तिकडे मोंकेतात काळजी पसरली. त्यांच्या संघाचे प्रशिक्षक हिल्देब्रान्दो हा सावध माणूस. गेल्या वर्षीची बाटली त्यांच्या छातीत रुतून बसली होती. त्यांनी आपल्या मेव्हण्याला झाडू देऊन गुआतिवात पाठवलं. मेव्हणा दारोदार झाडू विकत एदिल्माच्या घरी पोचला.

"बाई, झाडू?"

"आहे घरात," एतेल्विना म्हणाली.

"मुलगी दिसत नाही कुठे. सायकलवर गेली असेल."

"कुठली सायकल, सुमेर्से? अभ्यास करते दिवसभर," असं म्हणून एतेल्विनाने असं काही उदास तोंड केलं की मेव्हण्याला संशय आलाच. त्याने खिडकीतून डोकावलं. एदिल्मा टेबलाशी रसायनशास्त्र वाचत बसली होती. वाचताना एक पाय समोरच्या स्टुलावर ठेवायची तिला लहानपणापासून सवय.

मेव्हण्याने मोंकेतात जाऊन सांगितलं, "पुस्तक आहे समोर. पण पाय वर ठेवून बसते."

हिल्देब्रान्दोंनी मान हलवली. "पायांतलं रक्त उतरवतेय. दिवसातून किती वेळ?"

"आई म्हणते, दिवसभर."

"देवा," हिल्देब्रान्दो म्हणाले.

एदिल्माने पुरावे द्यायचं बंद केलं आणि खरोखर अभ्यास केला. पहाटे प्रोफे सवयीने खिडकीखाली येऊन शीळ घालायचे, ती आतून ओरडायची, "येत नाही!" आणि ते रस्त्यावरच्या कुत्र्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, "अरेरे, येत नाही म्हणते!" मग ते निघून जायचे. तिला मनातून वाईट वाटायचं. चार वर्षं खोटं बोलत असताना या माणसाने तिचा शब्द न् शब्द उचलून धरला होता, आणि आता पहिल्यांदा खरं बोलली तर त्यालाच ते पटत नव्हतं. पण गायीच्या चार जठरांची नावं पाठ करायला घेतली की तेही मागे पडायचं.

शर्यतीच्या रविवारी उजाडायच्या आधीच ती तुन्हाच्या बसमध्ये चढली. हातात दोन पेन्सिली, खोडरबर आणि आईने दिलेली पेरूची वडी. बसमध्ये बाजाराला निघालेल्या बायका होत्या. त्यांनी सरकून जागा दिली आणि कोणी काही विचारलं नाही. त्या न विचारण्यातच सगळं होतं.

"कुठे?" कंडक्टर म्हणाला.

"तुन्हा."

"तुन्हा," कंडक्टर म्हणाला आणि पुढे ड्रायव्हरला ओरडला, "तुन्हा म्हणते!"

"हो, हो, तुन्हा!" ड्रायव्हर म्हणाला.

मोंकेताच्या फाट्यावर बस थांबली. कोणी उतरलं नाही, कोणी चढलं नाही. इंजिन चालू होतं. एदिल्माने वर पाहिलं तर सगळी बस तिच्याकडे बघत होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही बाहेर बघतो, तू उतर."

"मला तुन्हाला जायचंय! सातला परीक्षा आहे!"

"पोरी, इथे सगळे आपलेच आहेत," मागची एक बाई म्हणाली. "मोंकेताचं कोणी नाही."

"काका, देवाशपथ सांगते, बस चालू करा!"

ड्रायव्हरने आरशात बघून मान डोलावली. "समजलं. पुढच्या वळणावर?"

पुढच्या वळणावरही बस थांबली. तिसऱ्या वेळी एदिल्मा रडली. ते रडणं खरं होतं आणि बसमधल्या बायकांनी त्याची मनापासून तारीफ केली. तुन्हाला पोचेपर्यंत बस इतकी रेंगाळली की परीक्षेच्या शाळेच्या फाटकातून ती धावतच आत गेली. मागून कंडक्टर म्हणताना तिला ऐकू आलं, "पळते बघ कशी. आणि म्हणे सायकल सोडली."

तिने बाकावर बसून फोन बंद केला, नाव लिहिलं, आणि दुपारपर्यंत तिला मोंकेताही आठवलं नाही आणि गुआतिवाही.

मोंकेताच्या चौकात त्या वेळी मुलींची नावं पुकारत होते. एदिल्मा तिबादुइसा हे नाव प्रोफेंनी अर्थातच नोंदवलं होतं. नाव पुकारल्यावर ते म्हणाले, "येतेय. पोट बिघडलंय." शेजारी त्यांनी आपली स्वतःची जुनी शर्यतीची सायकल, हवा भरून, साखळीला तेल घालून, उभी धरली होती. तिचा फोन लागत नव्हता. बंद ठेवलाय, चांगलं केलं, असं त्यांना वाटलं. उशीर झालेल्या मुलीला मागून सुटायची मुभा असते, तिचा वेळ तेवढा सगळ्यांबरोबरच सुरू होतो. इतका उशीर करून मागून गाठणं म्हणजे जरा जास्तच, पण क्रुसांच्या घाटात एदिल्मा काहीही करू शकते हे प्रोफेंना ठाऊक होतं.

झेंडा पडला, मुली सुटल्या. प्रोफे जागचे हलले नाहीत. आपल्या संघामागे गाडी घेऊन जायचं सोडून हा माणूस रिकामी सायकल धरून चौकात उभा आहे, हे हिल्देब्रान्दोंनी गाडीच्या काचेतून पाहिलं आणि त्यांना सगळा डाव कळला. त्यांनी पुढे जाऊन खिडकीतून डोकं काढलं.

"युरानी! ती मागून येणार आहे! दम राखून ठेवा! कोणी पुढे पळायचं नाही!"

मोंकेताच्या मुलींनी दम राखला. इतर गावच्या मुलींनी मोंकेताला दम राखताना पाहिलं, तेव्हा त्यांनीही राखला. सगळा घोळका धुक्यातून, वरातीत चालल्यासारखा, मागे वळून बघत निघाला. वळणावर एखादी मोटारसायकल दिसली तरी युरानी ओरडायची, "आली!" आणि सगळ्याजणी सावध व्हायच्या. पुढे, नेहमीप्रमाणे उताराच्या भीतीने आधीच निघून गेलेली लुसदारी होती. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. लुसदारीकडे कधीच कोणी लक्ष देत नसे. ती हलक्या सायकलवरून संथपणे घाट चढली, माथ्यावर पोचली, आणि आपल्याला अजून कोणी ओलांडून कसं गेलं नाही म्हणून काळजीत पडली. रस्ता चुकला असेल असं वाटून तिने एका मेंढ्यावाल्याला विचारलं. त्याने गुआतिवाकडे बोट दाखवलं. उतारावर तिने पूर्ण वेळ ब्रेक धरून ठेवले आणि तरीही ती गावच्या चौकात एकटीच शिरली. बँडवाले अजून चहा पीत होते.

प्रोफे एलिसेओंनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या विजयासाठी बाटल्या वाहिल्या होत्या. स्वतःचा संघ एदिल्माशिवाय पहिल्यांदा जिंकला तेव्हा ते वीस-पंचवीस किलोमीटर लांब, मोंकेताच्या रिकाम्या चौकात, एका रिकाम्या सायकलचं हँडल धरून उभे होते. बातमी त्यांना झाडूवाल्या मेव्हण्याने सांगितली. "जिंकलात हो," तो कडवटपणे म्हणाला. "असा डाव आम्हाला कधी जमायचा नाही."

"हं," प्रोफे म्हणाले.

संध्याकाळी एदिल्मा परतली तेव्हा चौकात लोकांनी तिला लुसदारीबरोबरच खांद्यावर घेतलं. परीक्षेला बसून शर्यत जिंकून देणारी मुलगी अख्ख्या बोयाकात झाली नव्हती. "मी काही केलं नाही!" ती वरून ओरडत होती. खाली टाळ्या वाढत होत्या. प्रोफे तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुकानासमोरून जाताना त्यांनी तिला हाक मारली.

"मला तरी सांगायचं होतंस."

"काय सांगायचं होतं?"

"हेच, की लुसदारीला पुढे काढायचं ठरवलंयस. मी तिथे चौकात खांबासारखा उभा. सगळी गंमत माझ्याशिवाय झाली."

"प्रोफे, मी परीक्षेला गेले होते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो, ते सांगितलंस," प्रोफे जरा तुटकपणे म्हणाले. "बाकीचं नाही सांगितलंस."

निकाल लागला. विल्मरलाही बरे गुण मिळाले, पण एदिल्माला त्याहून बरेच जास्त मिळाले, आणि नोव्हेंबरात विद्यापीठाच्या भिंतीवर तिचं नाव लागलं. गावाने अभिनंदन केलं आणि तुन्हाच्या आसपासच्या कोणत्या घाटात ती गुपचूप सराव करणार यावर तेहोच्या पाटावर पैजा लागल्या. पैज लावणाऱ्यांत प्रोफेही होते. पण ते पक्के माणूस. अंदाजावर अडून न राहता ते मोटारसायकल घेऊन तिच्या मागावर राहू लागले.

डिसेंबरातल्या एका सकाळी एदिल्मा मावशीकडून चीज आणायला बापाच्या जुन्या सायकलवरून क्रुसांच्या घाटाने निघाली. प्रोफे दोन वळणं मागे, इंजिन मंद ठेवून, गळ्यात स्टॉपवॉच. पहिल्या वळणाला त्यांनी वेळ बघितली आणि हसू दाबलं. इतकी हळू चालवतेय म्हणजे पक्कं नाटक. पुढे मोकळी चढण लागली की दाखवील.

मोकळी चढण लागली. त्याच वेळी खालून आबुन्दियो आला. आबुन्दियो साठीचा, रबरी बूट, अंगावर रुआना, म्हणजे डोक्यातून घालायचं लोकरी घोंगडं, सायकलच्या दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे कॅन. तो पॅडल मारताना नाकातून आवाज काढायचा. तो एदिल्माच्या जवळ आला, तिच्या बरोबरीला आला.

प्रोफेंनी मोटारसायकल थांबवली. त्यांचा अंगठा घड्याळाच्या बटणावर होता. ज्याने एकदा शर्यत मारली आहे त्याच्या शेजारी कोणी आलं की त्याची पाठ आपोआप ताठ होते, गियर खटकन बदलतो; हे सोंग करून लपवता येत नाही, जसं शिंकताना डोळे उघडे ठेवता येत नाहीत. प्रोफेंनी स्वतःच्या लग्नाच्या दिवशी चर्चकडे जाताना सासऱ्याला ओव्हरटेक केलं होतं.

आबुन्दियो पुढे गेला. एदिल्माने हात वर केला. "काका, तपकिरी गाय अजून लंगडते का?"

"लंगडतेय गं."

"उद्या येते बघायला."

"ये!" आबुन्दियो म्हणाला आणि नाकाने आवाज करत वळणाआड गेला. एदिल्मा तशीच, त्याच गतीने, आजूबाजूचं गवत बघत चढत राहिली.

प्रोफेंनी अंगठा घड्याळाच्या बटणावरून काढला. मग त्यांनी मोटारसायकल तिच्याजवळ नेली आणि दोघं थांबली.

"आबुन्दियोने तुला मागे टाकलं," ते म्हणाले.

"हो, बघितलं."

"कॅन भरलेले होते."

"सकाळची वेळ आहे, भरलेलेच असणार."

प्रोफेंनी टोपी काढली, आतून पुसली आणि परत घातली. "तुला काहीच नाही वाटलं?"

एदिल्माने प्रामाणिकपणे विचार केला. "गाय अजून बरी झाली नाही, त्याचं वाटलं."

खाली दरीत कुणीतरी गुरं हाकत होतं. प्रोफेंनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून खिशात टाकलं. ते खिशात बसेना, मग हातातच धरलं.

"म्हणजे तू खरंच सोडलंस."

"प्रोफे, तुमच्या दुकानात उभी राहून मी दुसरं काय सांगत होते?"

"आणि मी त्या रविवारी चौकात..."

"ते कोणाला सांगू नका. गाव तुम्हाला फार हुशार समजतं."

"बरं," प्रोफे म्हणाले. ते असं म्हणाले की एदिल्माला सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसावंसं वाटलं, आणि ती बसली. प्रोफेही बसले. त्यांनी खिशातून पेरूची वडी काढली, अर्धी तिला दिली. संघातल्या मुलींना ते अर्धी वडी कधी देत नसत. पूर्ण द्यायचे, आणि ती संपेपर्यंत समोर उभे राहायचे.

"चांगली चढायचीस," ते म्हणाले.

"तुम्ही शिकवलंत."

"नाही, ते शिकवता येत नाही. नाक पुसायचं शिकवलं." त्यांनी वडी गुंडाळलेलं पान चुरगळलं. मग थोडं अवघडून, रस्त्याकडे बघत म्हणाले, "दुकानातलं मांजर तीन दिवस जेवत नाहीये. टायरमागे जाऊन बसतं. मला वाटलं, सोंग करतंय."

"उलटी करतं का?"

"काल केली."

"प्रोफे, माझं कॉलेज अजून सुरू व्हायचंय."

"ते मला माहीत आहे. पण तू खरं काय ते सांगशील."

एदिल्माने तोंडातली वडी गिळली आणि उठली. "चला, बघू. मावशीचं चीज दुपारी आणते." तिने सायकल उताराकडे वळवली.